सत्तर टक्के म्हणजे किती?

घाटकोपर ते मुलुंड आणि अंधेरी ते बोरिवली या पट्ट्यात हृदयाची सीटी अँजिओग्राफी आता अपूर्वाईची राहिलेली नाही. तपासणी होते, अहवाल हाती पडतो आणि त्यात एक आकडा असतो : डाव्या रक्तवाहिनीत ७० टक्के अडथळा. त्या रात्री घरात कोणाला धड झोप लागत नाही. साठीतल्या गृहस्थांची तक्रार जिना चढताना थोडी धाप लागते, एवढीच असते. पण नातेवाइकांचे फोन सुरू होतात आणि साऱ्यांचा सूर एकच असतो, ‘उगाच जोखीम कशाला? स्टेंट घालून मोकळे व्हा.’

हा आकडा नेमका कशाचा, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. तो वाहिनीच्या रुंदीचा आहे, रक्तप्रवाहाचा नव्हे. शिवाय तो बहुधा नजरेने केलेला अंदाज असतो. एकाच चित्रावर दोन जाणकारांचे अंदाज वेगळे निघू शकतात. हृदयाला रुंदीशी कर्तव्य नसते, रक्त किती पोहोचते याच्याशी असते.

तो प्रवाह जोखण्याची जुनी, खात्रीची रीत म्हणजे दाब मोजणारी बारीक तार मनगटातून किंवा जांघेतून आत नेणे. अडथळ्यापलीकडचा दाब आणि महाधमनीतला दाब यांचे गुणोत्तर काढले जाते. ते ०.८० किंवा त्याहून कमी आले, तर अडथळा खरोखर रक्त अडवीत आहे असे मानतात. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘फेम’ या अभ्यासात अमेरिका व युरोपमधील १,००५ रुग्ण होते. नजरेच्या अंदाजाने उपचार झाले, तिथे दर रुग्णामागे सरासरी २.७ स्टेंट लागले. दाब मोजून ठरवले, तिथे १.९. आणि वर्षभरातील मृत्यू, हृदयविकाराचा झटका किंवा पुन्हा करावी लागलेली शस्त्रक्रिया यांचे एकत्रित प्रमाण १८.३ टक्क्यांवरून १३.२ टक्क्यांवर आले. शरीरात धातू कमी गेला आणि माणसे अधिक सुखरूप राहिली.

कृत्रिम बुद्धिमत्तेचे काम इथे सुरू होते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील चार्ल्स टेलर आणि ख्रिस्तोफर झारिन्स यांनी उभारलेल्या हार्टफ्लो कंपनीने ती तार आत न घालताच हे गुणोत्तर काढण्याची पद्धत विकसित केली. सीटीच्या चित्रांवरून संगणक रुग्णाच्या वाहिन्यांची त्रिमितीय प्रतिकृती तयार करतो. प्रशिक्षित माणसे ती तपासून दुरुस्त करतात, आणि मग द्रवांच्या गतीच्या समीकरणांनी प्रत्येक ठिकाणचा दाब मांडला जातो. २०१४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तिला परवानगी दिली. २०१७ मध्ये ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने शिफारस केली. युरोपातील एका अभ्यासात, ज्यांची अँजिओग्राफी ठरलेली होती अशा रुग्णांची आधी या मार्गाने तपासणी केली, तेव्हा १०० पैकी ६१ जणांची अँजिओग्राफी रद्द करता आली.

मुंबईही या क्षेत्रात मागे नाही. २०१६ मध्ये इथेच सुरू झालेल्या क्युअर एआय कंपनीची प्रणाली छातीच्या एक्स-रेमध्ये क्षयाच्या खुणा शोधते आणि हृदय वाढलेले असल्यास तेही दाखवते. खोकल्यासाठी काढलेल्या साध्या एक्स-रेतून हृदयाची तक्रार पुढे यावी, ही गर्दीच्या दवाखान्यांत मोठीच सोय म्हणायची.

तरीही यंत्रापुढे मान तुकवण्यापूर्वी थोडे थांबावे. वाहिनीत चुना फार साचला असेल, तर सीटीत तो फुगून दिसतो आणि अडथळा आहे त्याहून मोठा भासतो. नाडी अनियमित असेल, तर चित्र पुसट येते. चित्रच सदोष असेल, तर त्यावरचे गणितही सदोष निघते. फक्त ते दशांशात छापलेले असल्याने अधिक विश्वासार्ह वाटते. दुसरे असे, की ‘इंटरहार्ट’ या ५२ देशांतील अभ्यासात दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी आल्याचे दिसले, इतरांना सुमारे ५९ व्या. यंत्र कोणत्या देशातील रुग्णांच्या चित्रांवर शिकले, हा प्रश्न म्हणूनच फाजील नाही. बँकेत एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने पडताळून सही करायची, हा शिरस्ता संगणक आल्यावरही मोडला गेला नाही. इथे तर पणाला लागलेली वस्तू पैशाहून मोठी आहे.

प्रवाह खरोखर कमी असला, तरी स्टेंट हाच एक मार्ग उरतो असेही नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इस्केमिया’ अभ्यासात ५,१७९ रुग्ण होते, त्यांत भारतीयही होते. स्थिर प्रकृतीच्या रुग्णांत आधी औषधांवर भर देणे आणि लगेच अँजिओग्राफी करून स्टेंट अथवा बायपास करणे, यांत मृत्यू व झटके यांच्या बाबतीत ठळक फरक आढळला नाही. छातीतील वेदना मात्र दुसऱ्या मार्गाने अधिक कमी झाल्या. ज्याला झटका आला आहे, ज्याच्या मुख्य डाव्या वाहिनीतच अडथळा आहे किंवा ज्याची छाती विश्रांतीतही दुखते आहे, त्याला हे लागू नाही. त्याने विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये औषधयुक्त स्टेंटची किंमत २९,६०० रुपयांवर बांधली. त्याआधी ती लाखाच्या वर जात असे. स्वस्त झाला म्हणून तो अधिक गरजेचा झाला, असे नव्हे.

संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे : हा अडथळा रक्त अडवतो, हे कशावरून ठरले? दाब मोजला का, संगणकाने काढला असल्यास चित्र कोणी तपासले? औषधे वाढवून काही आठवडे पाहता येईल का? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. आणि तपासणी केंद्रातून केवळ छापील अहवाल घेऊन येऊ नये. चित्रांची सीडीही मागून घ्यावी, तिच्यावर नाव व तारीख लिहून घरातील कागदपत्रांसोबत ठेवावी. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायचे झाले, तर त्यांना अहवालातील वाक्य नव्हे, ती चित्रे पाहावी लागतात.