वितळतारेचा हिशेब

माझी नात यंदा नववीत आहे. परवा ‘धाराविद्युत’ हा धडा घेऊन ती माझ्यापाशी बसली. विभवांतर, विद्युतधारा, रोध या संज्ञा तिला मुखोद्गत होत्या. विद्युतधारेस रोधाने गुणले की विभवांतर मिळते, हा ओहमचा नियमही पाठ होता. “पण आजोबा, परीक्षेपलीकडे याचा उपयोग काय?” तिने विचारले. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला सूत्रापेक्षा हिशेब जवळचा. म्हणून उत्तरही हिशेबानेच दिले.

व्याजाचा दर आणि व्याजाची रक्कम यांत जो भेद, तोच वॅट आणि युनिट यांत आहे. वॅट हा वीज वापरण्याचा दर. त्यास तासांनी गुणून १००० ने भागले की युनिट मिळतात. २००० वॅटचा गिझर रोज अर्धा तास चालला तर एक युनिट, म्हणजे महिन्याला ३०. उलट ९ वॅटचा एलईडी दिवा रोज दहा तास जळूनही महिन्याला २.७ युनिटच घेतो. वीजबिलाचे मूळ कोठे आहे, हे तिला तत्काळ उमगले.

मात्र व्यापारी कुटुंबाने यापुढचा हिशेब अधिक जपून करावा. तो अँपिअरचा. एकूण वॅटना २३० व्होल्टने भागले की तारेतून वाहणारी धारा मिळते. एखाद्या दुकानात दिवे, पंखे व संगणक मिळून ९०० वॅट आणि १८०० वॅटचे एक वातानुकूलन यंत्र आहे असे धरू. एकूण २७०० वॅट, म्हणजे सुमारे पावणेबारा अँपिअर. तसेच दुसरे यंत्र त्याच तारेवर जोडले की धारा साडेएकोणीसच्या वर जाते. भार दुपटीहूनही कमी वाढला. परंतु जेम्स जूल यांनी १८४१ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे तारेतील उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून तार जवळजवळ पावणेतीन पट तापते.

आपल्या जालन्यास ही उष्णता अपरिचित नाही. येथील पोलाद कारखान्यांच्या इंडक्शन भट्टीत ज्योत नसते. भोवतालच्या वेटोळ्यातील प्रत्यावर्ती धारेमुळे भंगारातच धारा निर्माण होते आणि ते आपल्याच रोधाने तापून वितळते. लोखंड वितळण्यास सुमारे १५३८ अंश सेल्सिअस तापमान लागते. जी उष्णता भट्टीत सळई घडविते, तीच भिंतीतील तारेत घात करते.

सुमारे तीस वर्षांपूर्वी एका कर्जदाराच्या कापड दुकानास आग लागली आणि तारण मालाच्या पाहणीस मला जावे लागले. त्या दुकानातील वितळतार वारंवार जात असे. वैतागून कोणीतरी तिच्या जागी तांब्याची जाड तार बसविली होती. धारा मर्यादेबाहेर गेली की स्वतः वितळून परिपथ तोडणे, हे वितळतारेचे कर्तव्य. ती जाड तार टिकली. भिंतीतील तार जळाली. काळवंडलेले गठ्ठे मोजताना मालकांचे वृद्ध वडील दाराशी निःशब्द उभे होते. काही पैशांची तार वाचली होती. दोन पिढ्यांची पेढी गेली होती. आज वितळतारेची जागा एमसीबीने घेतली आहे. ती वारंवार पडते म्हणून अधिक अँपिअरची बसविणे, ही तीच चूक होय.

नात काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी वही घेऊन ती वडिलांच्या दुकानात गेली, प्रत्येक उपकरणावरील वॅटचा आकडा टिपला आणि बेरीज केली. ४३०० वॅट. भागाकार केला: १८.७ अँपिअर. सारा भार आजोबांच्या काळी केवळ दिवे-पंख्यांसाठी टाकलेल्या एकाच जुन्या तारेवर होता. माझ्या मुलाने त्याच संध्याकाळी जाणकार वायरमनला बोलावले. आता मोठ्या यंत्रांसाठी स्वतंत्र, जाड तार टाकली जात आहे.

वाचकहो, दिवाळीत वहीपूजन होते आणि त्याच दिवसांत रोषणाईमुळे दुकानाचा भारही वाढतो. त्याआधी घरातील नववी-दहावीच्या मुलांकडून एवढी बेरीज अवश्य करून घ्यावी. जमाखर्चाची चूक पुढच्या पानावर दुरुस्त करता येते. या हिशेबात ती सोय नाही.