अपेक्षा किती?

जुना फ्लॅट विकायला काढला की एजंट ‘किंमत किती?’ असं विचारत नाही. तो विचारतो, ‘अपेक्षा काय आहे?’ वधू-वर सूचक मंडळाच्या फॉर्मवर शेवटच्या रकान्यात असतो, तोच शब्द. गुढीपाडव्याच्या सुमारास कोथरूडमधल्या पहिल्या एजंटाने फोनवर तो उच्चारला तेव्हा मला गंमत वाटली होती. दसरा उलटेपर्यंत त्या शब्दातली खोच कळली.

फ्लॅट आईच्या नावावरचा, आयडियल कॉलनीच्या मागच्या गल्लीतला. बाबांनी १९८८ साली १ लाख ६५ हजारांना घेतलेला. दोन खोल्या, हॉल, स्वयंपाकघर, आणि हॉलच्या खिडकीशी एक बकूळ. तिसरा मजला, लिफ्ट नाही. पायऱ्या ५४. हा आकडा मी कधी मोजला नव्हता, आईच्या गुडघ्यांनी मोजला. विकायचं कारण एवढंच. हा फ्लॅट द्यायचा आणि माझ्या घराजवळ, कर्वेनगरला, लिफ्ट असलेल्या इमारतीत तिच्यासाठी एक लहान घर घ्यायचं.

अपेक्षा ठरवायला आमची बैठक बसली ती व्हिडिओ कॉलवर. दादा न्यू जर्सीत, वहिनी त्याच्यामागे कणीक मळत, मी आणि आई इथे दिवाणावर. दादाने गृहपाठ करून आणला होता. रस्त्यापलीकडे नवा प्रकल्प होतोय, त्याचा दर त्याने शोधला होता : चौरस फुटाला १५,५०० रुपये. आपलं क्षेत्रफळ करारनाम्यात ७०२. गुणाकार १ कोटी ८ लाख ८१ हजार. त्यात मी माझं घातलं, कारण सहा वर्षांपूर्वी स्वयंपाकघराला सव्वादोन लाखांच्या ट्रॉल्या मीच करून दिल्या होत्या. झाले एक कोटी अकरा. मग मोठ्या मनाने एक लाख सोडून आम्ही एक कोटी दहा ठरवले. सोडल्याचं समाधानही वाटलं.

आईने विचारलं, “एवढे कोण देईल?” दादा म्हणाला, “आई, मेट्रो सात मिनिटांवर आहे.”

त्या गुणाकारात किती गफलती होत्या, ते आता सांगताना मलाच ओशाळायला होतं. ७०२ हे बिल्टअप क्षेत्रफळ. भिंतींच्या आतलं, पाय ठेवता येईल असं कार्पेट ५८५ भरतं. आणि नव्या प्रकल्पाचा दर कार्पेटवर असतो. २०१७ मध्ये महारेरा आल्यापासून बिल्डरला विक्री कार्पेटवरच करावी लागते. म्हणजे दर त्यांच्या फुटाचा आणि फूट आमचे फुगवलेले. नुसतं एवढं दुरुस्त केलं तरी आकडा ९० लाख ६७ हजारांवर येतो, तोही लिफ्ट, जनरेटर आणि बंदिस्त पार्किंग असलेल्या कोऱ्या इमारतीचा. आमच्याकडे पार्किंग म्हणजे आवारात पांढऱ्या रंगाने रंगवलेला ‘९’. तो आकडाही आमच्या मालकीचा नाही. मोकळी जागा किंवा स्टिल्टखालचं पार्किंग बिल्डरला वेगळं विकता येत नाही, ती सगळ्यांची सामाईक जागा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगून ठेवलंय. तरी दादाला त्याचे तीन लाख वेगळे लावायचे होते. वहिनीने त्याला आवरलं.

पहिल्या तीन एजंटांना आकडा सांगितला. तिघेही ‘होऊन जाईल’ म्हणाले. अनुभवी माणसं हो म्हणताहेत म्हटल्यावर आमची कॉलर ताठ. खरं तर त्यांनी काही ठरवलंच नव्हतं, आमचाच आकडा आम्हाला परत दिला होता. अमेरिकेत ॲरिझोनातल्या टूसान शहरात नॉर्थक्राफ्ट आणि नील या दोन संशोधकांनी याचा एक छान प्रयोग केला होता, १९८७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. एकच खरं घर, वेगवेगळ्या एजंटांना दाखवलं. फक्त कागदावर लिहिलेली ‘मागणी’ प्रत्येक गटाला वेगळी. ज्यांना मोठा आकडा दिसला त्यांनी घराची किंमत जास्त ठरवली, ज्यांना लहान त्यांनी कमी. आणि मागणीच्या आकड्याचा आमच्यावर परिणाम झालाय, हे कबूल करणारे फार थोडे. ही पोटापाण्यासाठी घरं विकणारी माणसं. मग न्यू जर्सीत बसून गुणाकार करणाऱ्याची काय कथा?

चौथा एजंट वयस्कर होता. ५४ पायऱ्या चढून आला, पाणी प्यायला, आणि आकडा ऐकून म्हणाला, “ताई, एक कोटी दहाला मी रोज माणसं आणीन. पण तुमचा फ्लॅट विकायला नाही. तुमचा आधी दाखवायचा, मग पलीकडच्या गल्लीतला पंच्याऐंशीचा दाखवायचा. तो लगेच जातो.”

मला राग आला. आईला तो माणूस आवडला. दोन्ही गोष्टी लक्षात राहिल्या, पण त्या वेळी मी रागाचंच ऐकलं.

मग माणसं येऊ लागली. तिसऱ्या मजल्यावर येणारा गिऱ्हाईक दार उघडण्याआधीच निम्मं ठरवून आलेला असतो, हे मी तेव्हा शिकले. दुसऱ्या वळणावर तो कठडा धरतो आणि सोबतची बायको त्याच्याकडे बघते. पुढे तुम्ही बकूळ दाखवा नाही तर ट्रॉल्या. सगळे नम्रपणे सगळ्या खोल्या पाहायचे, चहाला नको म्हणायचे, आणि जिना उतरताना म्हणायचे, “कळवतो.” मराठीत ‘नाही’ म्हणायला ‘कळवतो’इतका सभ्य शब्द नाही. पावसाळ्यापर्यंत सतरा जणांनी कळवतो म्हटलं.

दादाचं म्हणणं, घासाघीस करतील की, आपण खाली येऊ. पण एक कोटी दहा मागणाऱ्याला कुणी ‘पंच्याऐंशी देतो’ म्हणत नाही. समोरच्याला त्याचीच लाज वाटते. भाजीवाल्याने चाळीसची जुडी साठला सांगितली तर आपण भांडतो. दीडशेला सांगितली तर पुढच्या टोपलीकडे जातो.

त्या सतरांतला एक तरुण मात्र बसला. बायको शाळेत शिक्षिका, तो एका कारखान्यात. दिवाणावर बसून त्याने मोबाइलवर हिशेब मांडला आणि सरळ मला दाखवला. ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जाला बँक किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत देते, कर्ज त्याहून मोठं असेल तर ७५ टक्क्यांपर्यंतच. मुद्रांक शुल्क त्या किमतीत धरत नाहीत. म्हणजे एक कोटी दहाच्या घराला स्वतःचे साडेसत्तावीस लाख. पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, ते ७ लाख ७० हजार. नोंदणी फी ३० हजार. झाले साडेपस्तीस, सामान हलवायच्या आधी. हेच घर ८५ ला असेल तर सगळं मिळून सव्वातेवीस. “बायकोच्या एकटीच्या नावावर घेतलं की एक टक्का वाचतो, तो मी यात धरलेला नाही,” तो म्हणाला. पंचवीस लाखांच्या फरकाचे हप्ते वीस वर्षांत फेडता येतात, पण त्यातले बारा लाख तर पहिल्याच दिवशी रोख लागतात. ते त्याच्याकडे नव्हते. शिवाय इमारत सदतीस वर्षांची, बँकेचा व्हॅल्युअर काय लिहील कोण जाणे. त्याने वारज्याला घर घेतलं. हे त्याने खरंच कळवलं.

(आणि ती मेट्रो. वनाज ते गरवारे कॉलेज ही गाडी ६ मार्च २०२२ ला सुरू झाली. तिच्या नावाचा एक टक्का अधिभार त्या सात टक्क्यांत आहेच. म्हणजे मेट्रोचे पैसे गिऱ्हाईक सरकारला देतो, आणि तेच पैसे आम्हालाही हवे होते.)

श्रावण गेला, गणपती गेले. पितृपक्षात तर फोनही वाजेना. आई मात्र रोज एकदा उतरत आणि चढत होती, दूध आणि देऊळ. दुसऱ्या मजल्याच्या कठड्याशी तिने एक प्लास्टिकचं स्टूल ठेवून घेतलं होतं. ते मला ऑगस्टमध्ये दिसलं. एप्रिलपासून तिथे होतं म्हणे.

डोळे उघडले ते वेगळ्याच ठिकाणी. विक्री होवो न होवो, आईसाठी घर बघून तर ठेवू, म्हणून कर्वेनगरला एक फ्लॅट पाहायला गेले. एक बेडरूम, लिफ्ट, समोर दवाखाना. मालकांनी ७८ लाख सांगितले आणि छताकडे बोट केलं. पीओपीचं काम, मध्ये फुलासारखा दिवा, तीन लाख खर्च आलेला. मी मान डोलावली. मनात म्हटलं, हे सगळं आधी पाडावं लागेल. मग त्यांनी स्वयंपाकघर उघडून दाखवलं. ट्रॉल्या. आमच्यासारख्याच. मी काय बोलले ते ऐकून मी स्वतःच दचकले. मी म्हणाले, “छान आहे. कळवते.”

त्या रात्री मी पहिल्यांदा कामाचं काम केलं. महाराष्ट्राच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ‘ई-सर्च’ म्हणून सोय आहे. वर्ष, जिल्हा, तालुका, गाव आणि सर्व्हे नंबर टाकला की त्या जागेवर नोंदलेले व्यवहार दिसतात. त्यातला ‘इंडेक्स टू’ उघडायचा. कितव्या मजल्यावरचा फ्लॅट, क्षेत्रफळ किती, मोबदला किती, सरकारी बाजारभाव किती, मुद्रांक किती भरला, एका पानावर. सहा महिने मी आणि दादा वेबसाइटींवरच्या जाहिराती वाचत होतो. त्या सगळ्या अपेक्षा होत्या, त्यात एकही भाव नव्हता. विकल्या गेलेल्या घराचा आकडा फक्त इथे होता. आमच्या आसपासच्या तीन जुन्या, बिनलिफ्टच्या इमारतींतले तीन व्यवहार सापडले. कार्पेटवर भागून पाहिलं तर आमच्या फ्लॅटला ८१ ते ८५ लाख.

इंडेक्स टूवरही डोळे मिटून विश्वास ठेवू नये, हे खरं. ‘नंबर एकमध्ये किती?’, म्हणजे कागदावर किती दाखवायचे, हा प्रश्न पुण्यात अजून मेलेला नाही, दोन जणांनी तो आम्हालाही विचारला. पण खोटं बोलायलाही आता जागा कमी आहे. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला बंदी आहे. दर १ एप्रिलला लागू होणाऱ्या सरकारी दरापेक्षा, म्हणजे रेडी रेकनरपेक्षा, कमी मोबदला दाखवला तरी मुद्रांक रेकनरवरच भरावा लागतो. आणि फरक १० टक्क्यांहून जास्त असेल तर विकणाऱ्याचा आयकर रेकनरच्या किमतीवर लागतो. रेकनरला अनेकजण घराची किंमत समजतात, तसं नाही. तो सरकारचा तळ आहे. आमचा तळ ७४ च्या आसपास निघाला.

दादाला इंडेक्स टूची तीनही पानं पाठवली. तो दोन दिवस बोलला नाही. मग म्हणाला, “पण सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली तर?” ही शेवटची खुंटी प्रत्येक जुन्या इमारतीत असते. आमच्याकडे त्या विषयावर आजवर दोन सभा झाल्या, दोन्हीत विषय पार्किंगवर गेला. आई म्हणाली, “अरे, नवी बिल्डिंग होईल तेव्हा लिफ्ट असेल. पण तोवर मला वर कोण नेणार?” यावर त्याच्याकडे गुणाकार नव्हता.

मी चौथ्या एजंटाला फोन केला. त्याने जुनं काही काढलं नाही, एवढंच म्हणाला, “आता नवीन फ्लॅट म्हणून दाखवावा लागेल ताई. जुना सगळ्यांनी पाहिलाय.” फिरून फिरून शिळा झालेला माल कमी भावातही संशयाने बघतात, लोकांना वाटतं, गळती असेल नाही तर भानगड असेल. त्याने ८८ सांगायला लावले. “चार-पाच टक्के जागा ठेवायची. त्याहून जास्त ठेवली तर माणूस येत नाही, मुळीच नाही ठेवली तर आलेला माणूस रुसतो.”

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी सहा जण आले. तिघांनी आकडा बोलून दाखवला. सहा महिन्यांत हे पहिल्यांदाच घडत होतं. त्यातलं एक जोडपं, मुलगी सहावीत, ती जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढून आली आणि थेट बकुळीच्या खिडकीशी गेली. ८२ पासून सुरू झालं. ‘शेवटचं सांगा’, ‘तुम्हीच सांगा’, सोसायटीचं पंचवीस हजार हस्तांतरण प्रीमियम कोणी भरायचं, गीझर ठेवायचा का. ८४ लाख ५१ हजारांवर थांबलं. दसऱ्याला टोकन. ट्रॉल्यांकडे त्या बाईंनी पाहिलंसुद्धा नाही. म्हणाल्या, “आम्ही किचन नव्यानेच करणार आहोत.”

कराचं सीएने सांगितलं, दोन वर्षांच्या आत दुसरं घर घेताय, तेव्हा नफ्यातला जेवढा भाग त्यात घालाल तेवढा सुटेल. कर्वेनगरचे पीओपीवाले मालक तोवर ७२ पर्यंत उतरले होते. त्यांचंही वर्ष गेलं होतं म्हणे.

सामान हलवायच्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरचे काका भेटले. आईचं स्टूल परत द्यायला आले होते. हळूच विचारलं, “कितीला गेला?” मी खरा आकडा सांगितला. बनवायचं कशाला, तीन आठवड्यांत इंडेक्स टूवर सगळ्यांना दिसणारच आहे.

काकांनी स्टूल खाली ठेवलं, जरा विचार केला.

“म्हणजे आमचा पंच्याण्णवला जाईल,” ते म्हणाले. “आमच्या १८ पायऱ्या कमी आहेत.”