समुद्राला मिळते ते पाणी ‘वाया’ जाते?

कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी उभे राहिले म्हणजे पावसाचा थेंब कुठे पडतो यावर त्याचे सारे आयुष्य कसे ठरते हे उमगते. पूर्वेच्या उतारावर पडला तर तो मलप्रभेचा. कृष्णेचा हात धरून बंगालच्या उपसागराला जाणार. पश्चिमेच्या उतारावर पडला तर तो म्हादईचा. खानापूरचे रान ओलांडून, गोव्यात मांडवी हे नाव घेऊन पणजीपाशी अरबी समुद्राला मिळणार.

या दुसऱ्या थेंबाबद्दल एक वाक्य आपण इतक्या वेळा ऐकले आहे की ते आता आपल्याला म्हणीसारखे वाटू लागले आहे: ‘समुद्रात वाया जाणारे पाणी’. निवडणुकीच्या सभेत हे वाक्य येते, वर्तमानपत्राच्या मथळ्यात येते, एवढेच काय, शाळेच्या निबंधातही येते. वर्गात एका मुलाने ते लिहिले तेव्हा मी स्वतः त्याच्या वहीत शाबासकीची खूण केली होती. ती खूण मी आज परत घेतो. माझे भांडण त्या एका शब्दाशी आहे: ‘वाया’.

आधीच सांगून टाकतो, म्हणजे गैरसमज नको. हुबळी-धारवाडच्या आयाबहिणींनी नळाच्या पाण्यासाठी दिवस मोजलेले आहेत. तहानलेल्याच्या ओंजळीतले पाणी काढून माशाला द्या, असे म्हणण्याइतका मी करंटा नाही. पण घरातल्या वडिलार्जित जमिनीची वाटणी करताना सातबारा पुढ्यात ठेवतात. पाण्याची वाटणी करताना आपण सातबाऱ्यावरचे एक नावच खोडून बसलो आहोत. ते नाव खाडीचे.

माझी आत्या चोडणला दिली होती. मांडवीतले ते बेट. मे महिन्याच्या सुट्टीत रायबंदरहून फेरीबोटीने आम्ही पोरे तिकडे जात असू. तिच्या घरामागे खाजन होते. खाजन म्हणजे खाडीच्या काठची, बांध घालून खारे पाणी अडवलेली सखल जमीन. गोव्यात अशी जमीन अठरा हजार हेक्टरांच्या आसपास आहे आणि ती शेकडो वर्षांपूर्वी हातांनी घडवलेली आहे. बांधात लाकडी झडपांची मानस असते. भरती आली की पाण्याच्या दाबाने झडपा मिटतात, ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. ना वीज, ना इंजिन. पावसाळ्यात भात, नंतर त्याच पाणथळीत मासे. आत्या ताटात शेवटा वाढताना म्हणायची, “हें मानशीचें नुस्तें, बाजारचें न्हय!” त्या एका वाक्यात अख्खे गावशास्त्र होते हे मला केस पिकल्यावर कळले.

कारण तो शेवटा जन्मला होता समुद्रात. शेवट्याची मादी खोल पाण्यात अंडी घालते. बोटाच्या पेराएवढी पिल्ले भरतीबरोबर खाडीत शिरतात, चिखलावरचे शेवाळ आणि कुजका पालापाचोळा खाऊन वाढतात आणि वयात आली की पुन्हा समुद्राची वाट धरतात. कोळंबीचेही तसेच. तांबोशीचे बालपण कांदळवनाच्या मुळ्यांत जाते, मोठेपण बाहेरच्या खडकांत. काळुंदर मात्र घरकोंबडा. तो खाडीतच राहतो, दगडाला नाही तर बुडालेल्या लाकडाला अंडी चिकटवतो आणि नर-मादी दोघेही त्यांची राखण करतात. आणि आपल्याकडे ज्याला जिताडा म्हणतात आणि गोव्यात चणक, त्याची कथा तर पुराणात शोभावी अशी आहे. तो आधी नर म्हणून वयात येतो आणि काही वर्षांनी, चांगला मोठा झाल्यावर, त्याची मादी होते. म्हणजे छोटे सगळे मारले तर उद्याच्या माद्या गेल्या, आणि मोठे सगळे मारले तर आजच्या माद्या गेल्या.

या सगळ्यांचे पाळणाघर एकच, आणि त्या पाळणाघराचा पाया आहे गोडे पाणी. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे पस्तीस ग्रॅम मीठ असते. पावसाळ्यात म्हादईचा लोंढा हे खारे पाणी मुखापर्यंत मागे रेटतो. दसरा-दिवाळीनंतर ओघ आटू लागला की खारे पाणी पुन्हा आत सरकते आणि मे महिन्यापर्यंत कैक किलोमीटर वर चढते. भरतीची हालचाल तर मुखापासून पन्नासेक किलोमीटर आत, गांजेपर्यंत जाणवते. कोणते पिलू कुठे राहील, काय खाईल, कोणापासून लपेल, हे या गोड्या-खाऱ्याच्या मागेपुढे होण्यावर ठरते. लोंढ्याबरोबर डोंगराचा पाला, माती, क्षार येतात; खाडीच्या घरात हीच धान्याची पोती. समुद्रात वाया जाणारे पाणी ते हेच!

हे कोणी मनाने रचलेले नाही. गोव्यात दोनापावलला असलेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ मध्ये स्थापन झाली. केंद्रीय सागरी आणि अंतर्देशीय मत्स्यसंशोधन संस्था तर १९४७ पासूनच्या. हे लोक वर्षानुवर्षे खाडीचे खारेपण मोजतात, जाळ्यात आलेले पिलू न् पिलू ओळखतात. माशाच्या कानात चुन्याचा एक बारीक खडा असतो. झाडाच्या बुंध्यासारखी त्यावर वलये उमटतात, त्यांवरून वय कळते. आणि खड्यातल्या स्ट्रॉन्शियम नावाच्या धातूच्या प्रमाणावरून तो मासा किती काळ गोड्या पाण्यात होता आणि किती काळ खाऱ्यात, हेही वाचता येते. मासा आपली रोजनिशी कानात घेऊन हिंडतो. पण ती वाचून जे लिहिले जाते ते बहुतेक सगळे इंग्रजीत. ज्याच्या जाळ्यातून तो खडा काढला त्या रापणकाराला, मानशीवरच्या माणसाला, खानापूरच्या शेतकऱ्याला त्यातले अक्षर कळत नाही. संशोधकांनो, तुमच्या विद्वत्तेला माझा नमस्कार आहे. पण ज्ञान कपाटात ठेवून पुढाऱ्याच्या ‘वाया’शी लढता येत नाही.

आता आकड्यांकडे. म्हादई लवादाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी निवाडा दिला. कर्नाटकाला १३.४२ टीएमसी, गोव्याला २४, महाराष्ट्राला १.३३. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. कर्नाटकाच्या वाट्यातले ३.९ टीएमसी कळसा आणि भांडुरा नाल्यांवरून मलप्रभेकडे वळवायचे. २०२० मध्ये निवाडा अधिसूचित झाला, आणि तिन्ही राज्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पायऱ्या चढली. हे आकडे आपल्याकडे चहाच्या टपरीवरही पाठ आहेत. खाडीला किती हवे आणि कोणत्या महिन्यात हवे, हा आकडा मात्र टपरीवर विचारून पाहा.

यावर एक बिनतोड वाटणारा युक्तिवाद येतो. नदीचे एकूण पाणी १८८ टीएमसी; त्यातले चार गेले तर काय बिघडले? आणि तेही पावसाळ्यातले! ऐकायला हिशेब चोख आहे, पण तो वर्षाच्या बेरजेचा हिशेब आहे. मासा वर्षाच्या बेरजेत जगत नाही, तो महिन्यात जगतो. शिवाय १८८ टीएमसी ही अख्ख्या खोऱ्याची बेरीज. नाला अडवला जातो तो डोंगरावर, जिथे तोच नाला म्हणजे नदी असते. भीमगडच्या रानात त्याचे उत्तर वेगळे येईल आणि पणजीच्या पुलाखाली वेगळे. पणजीला कदाचित चार टीएमसीचा फरक डोळ्याला दिसणारही नाही, हे मी प्रामाणिकपणे मान्य करतो. पण ‘समुद्राला मिळते ते वाया’ हे तत्त्व एकदा मान्य केले की चारावर थांबण्याचे कारण काय उरते? पाचव्यालाही तेच तत्त्व लागू, पन्नासाव्यालाही.

तत्त्वाचे काय होते ते गंगेकाठी जाऊन पाहावे. १९७५ मध्ये फरक्का बंधारा सुरू झाला. त्याआधी हिलसा समुद्रातून गंगेने वर चढत अलाहाबादपर्यंत आणि त्याच्याही पलीकडे जात असे. बंधाऱ्यानंतर वरच्या गंगेतला हिलसा जवळजवळ संपला. बंधारा बांधणाऱ्यांचे माशाशी वैर नव्हते. त्यांच्या हिशेबात मासाच नव्हता, एवढेच.

इथपर्यंत वाचून माझे गोव्यातले आप्त खूश झाले असतील. त्यांनी इतक्यात लाडू फोडू नयेत. शेवटा हा गोव्याचा राज्य मासा. त्याच्या नावाने म्हादई वाचवायच्या घोषणा द्यायच्या आणि त्याच्या पिलांचे पाळणाघर असलेले खाजन मात्र भराव घालून बुजवायचे, हे कोणते मत्स्यप्रेम? पूर्वी मानशीवर मासे धरायचा लिलाव व्हायचा, गाव नियम ठरवायचे, बांधाची डागडुजी व्हायची. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर बांधांची जबाबदारी कूळ संघांकडे आली. कुळाला जमीन मिळाली हे न्यायाचेच झाले. पण हक्काबरोबर बांधावरची माती टाकण्याचे कामही येते, ते अनेक ठिकाणी कोणाचेच राहिले नाही. भातापेक्षा माशाचा पैसा मोठा म्हणून मानस उघडी टाकून शेतात खारे पाणी घेणारेही निघाले. बारीक जाळ्याने बोटभर पिल्ले ओरबाडणारेही निघाले. समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, ते योग्यच. पण दारात पहारा आणि पाळणाघरात दरोडा, याला संवर्धन कसे म्हणावे? आत्याच्या घरामागचा बांध फुटला तो कर्नाटकाने फोडला नव्हता.

आणि आपण बेळगावकर? चोर्ला घाटाने मासे आले की पिशवी घेऊन धावणारे आपणच. गाभोळी भरलेला मासा मिळाला की शेजारी कौतुकाने सांगणारे आपणच. ताटातल्या चणकाचे बिऱ्हाड खानापूरच्या पावसावर चालते हे मात्र आपल्या गावी नाही. सीमाभागात आपण रेषेवरून पिढ्यान् पिढ्या भांडलो. ते भांडण खोटे होते असे मी म्हणणार नाही, त्यात आपली माणसे पोळली आहेत. पण माझी आत्या रेषेच्या त्या बाजूला होती आणि शेवट्याच्या पिलालाही कोणती रेषा ठाऊक नाही. नदी ही एकच वस्तू आहे. तिचे डोके आपल्या उशाशी आहे आणि पाय आत्याच्या अंगणात.

मागणे फार मोठे नाही. पाणी वळवायचे असो वा न वळवायचे, त्याआधी खाडीचा महिनावार हिशेब मांडा. एका मोसमाची पाहणी करून नव्हे, सलग काही वर्षे, दर महिन्याला मोजून. तो हिशेब मराठी, कोकणी आणि कन्नडमध्ये कणकुंबीपासून चोडणपर्यंतच्या प्रत्येक ग्रामपंचायतीत लावा. मानशीवरची बारीक जाळी पिलांच्या महिन्यांत बंद करा आणि त्या काळात मानशीवाल्याच्या पोटाची सोय करा, नुसता दंड नको. बांधाच्या मातीला एक धनी द्या. तहानेचे पाणी तेव्हा कोणी कोणाला नाकारणार नाही, कारण कोणाच्या वाट्यातून ते काढले हे सर्वांना ठाऊक असेल.

आणि मास्तरांनो, पुढच्या वेळी मुलाच्या वहीत ‘समुद्रात वाया जाणारे पाणी’ दिसले तर खाली लाल रेघ ओढा. मी ओढली नव्हती.