कमी बजेटचा सोफा: माल हलका करू नका, काम छोटं करा



जुना सोफा नवा करण्याच्या व्यवसायावरच्या व्हिडिओत आपण शिलाई मशीन, पिनांची गन, कापड, फोम सगळं बघितलं. दराचा विषय मुद्दाम इथे लिहायला ठेवला होता, कारण त्यात आकडेमोड आहे आणि ती कागदावरच नीट समजते.

गिऱ्हाईक म्हणतं, "बजेट कमी आहे, पण सोफा नवा दिसला पाहिजे." नवीन माणूस लगेच काय करतो? अख्ख्या सोफ्याचं काम घेतो आणि स्वस्त कापड, हलका फोम वापरून तो बजेटमध्ये कोंबतो. माझ्या मते इथेच धंदा बसतो. बजेट कमी असेल तर सोफ्याचा कमी भाग हातात घ्या. जो भाग घ्याल त्याला माल चांगला लावा.

एक उदाहरण मांडू. आकडे समजण्यापुरतेच आहेत, तुमच्या दुकानदाराकडून आजचा भाव घ्या. तीन अधिक एक अधिक एक, असा पाच सीटचा सोफा आहे. गिऱ्हाइकाकडे ७,५०० रुपये आहेत. अख्खा सोफा करायचा तर १३ मीटर कापड, हलक्यातलं २५० रुपयांनी धरलं तरी ३,२५० झाले. पाच सीटचा स्वस्त फोम २,०००. चैन, दोरा, पिना, खालचं कापड ४००. टेम्पोने न्यायचा आणि परत पोचवायचा, १,२००. बेरीज ६,८५०. उरले ६५०, आणि दोन माणसांचे तीन-चार दिवस गेले!

आता त्याच पैशात फक्त बैठकीच्या गाद्या करा. चांगला फोम ६५० रुपये सीटप्रमाणे ३,२५०. कापड पाच मीटर, ३०० रुपयांचं, म्हणजे १,५००. चैन-दोरा २००, रिक्षा २००. बेरीज ५,१५०. हातात २,३५० राहतात आणि काम दीड-दोन दिवसांत उरकतं. गाद्या रिक्षात मावतात, टेम्पो लागत नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पसारा मांडून वॉचमनशी वाद घालावा लागत नाही. घरातल्या मशीनवर जाड सुई लावून ही शिलाई निघते. भांडवल कमी असलेल्या ताईंसाठी तर मी हेच काम सुचवेन.

"पण पाठ जुनी आणि बैठक नवी, हे विचित्र दिसेल ना?" दिसेल, जर तोच रंग जुळवायला गेलात तर. विटलेल्या कापडाशी नवं कापड कधीच जुळत नाही. म्हणून मुद्दाम वेगळा रंग घ्या. पाठ फिकट असेल तर बैठक गडद. उरलेल्या तुकड्यांतून हातांवर घालायच्या टोप्या आणि दोन उशांचे अभ्रे शिवा. पायांना पॉलिशचा हात मारा. मग ते ठरवून केल्यासारखं दिसतं.

फोमबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण गिऱ्हाइकाचा विश्वास तिथेच बसतो किंवा उडतो. 'चाळीस डेन्सिटी' म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन ४० किलो. २४ बाय २४ इंचाची, चार इंच जाडीची सीट घेतली तर ४० डेन्सिटीत ती साधारण दीड किलो भरते, ३२ डेन्सिटीत साधारण १,२०० ग्रॅम. फरक ३०० ग्रॅमचा, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर कळणारा. दुकानात काटा घेऊन जा आणि गिऱ्हाइकासमोरही वजन करून दाखवा. वजन ही काही पूर्ण परीक्षा नाही, भेसळ करूनही वजन वाढवता येतं. पण ३२ चा फोम ४० च्या भावाने गळ्यात पडायची शक्यता बरीच कमी होते.

आता आपल्या पनवेलचं बघा. २०१६ साली महानगरपालिका झाली तेव्हा खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल सगळं तिच्यात आलं. इथे गिऱ्हाईक दोन तऱ्हेचं आहे, स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहणारं आणि अकरा महिन्यांच्या करारावर राहणारं. भाड्याने राहणाऱ्याला अख्खा सोफा मढवून देऊ नका. पुढच्या घरात तो मावेल की नाही हे त्यालाच माहीत नसतं. त्याला मापाने शिवलेली, काढून धुता येईल अशी खोळ द्या. ऑनलाइन मिळणारी ताणून बसवायची कव्हरं स्वस्त पडतात, हे मान्य. पण रेक्झिनवर ती घसरतात, रोज संध्याकाळी नीट करावी लागतात. तुमची मापाची, खाली नाड्या असलेली खोळ तिथे जिंकते.

घरमालकाच्या सोफ्याला मात्र आधी उलटा करून बघायचं. रायगडचा पाऊस आणि दमट हवा लाकडाला खाते. खालचं कापड फाडून बोट फिरवा. भुसा पडतोय का, प्लाय फुगलाय का, पट्टे सैल झालेत का? पट्टे बदलता येतात, त्याला फार खर्च नाही. पुष्कळदा "फोम बसलाय" अशी तक्रार असते आणि दोष पट्ट्यांचा निघतो. पण सांगाडा भुशाच्या बोर्डाचा असेल आणि पाणी पिऊन फुगला असेल तर काम घेऊ नका. "काकू, यावर पैसे घालू नका," असं स्पष्ट सांगा. त्या दिवशी तुमची ऑर्डर जाईल, पण सोसायटीच्या ग्रुपवर काकूच तुमचं नाव सुचवतील. याउलट कुजक्या सांगाड्यावर नवं कापड चढवलंत आणि तो चार महिन्यांत मोडला, तर त्याच ग्रुपवर फोटो फिरेल.

कागदपत्रांचं पटकन सांगतो. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत आहे, एजंटला पैसे देऊ नका. पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत सोफा मढवणारा असा वेगळा व्यवसाय नाही, पण शिंपी आणि सुतार आहेत. तुम्ही खरोखर ते काम करत असाल तर चौकशी करा. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची मदत आणि दोन टप्प्यांत ३ लाखांपर्यंत ५ टक्के व्याजाचं कर्ज त्यात आहे.

ॲडव्हान्स घेताना मालाची पूर्ण रक्कम घ्या, त्याखाली येऊ नका. कोटेशनवर फोमची डेन्सिटी, कापडाचा नंबर, कुठला भाग करणार आणि कुठला करणार नाही, हे लिहून सही घ्या. आणि तारीख पाळा. गणपतीला घरात पाहुणे येणार आणि सोफ्याच्या गाद्या तुमच्याकडे पडलेल्या, यासारखी बदनामी नाही. गणपतीच्या तीन आठवडे आधी नवीन ऑर्डर बंद करा. त्यानंतर आलेल्यांना दिवाळीआधीची तारीख द्या आणि माप मात्र आत्ताच घेऊन ठेवा.