गाडी उंच केली, विमा अडकला तर?

थार, बोलेरो किंवा जुनी जीप घेतली की आधी गॅरेज गाठायचं, ही आता रीतच झाली. मोठे टायर, स्प्रिंगला ठोकळे लावून वाढवलेली उंची, पुढे लोखंडी गार्ड. रस्ते खराब आहेत, गाडी उंच हवी, हे म्हणणं खोटं नाही. पण उंचीबरोबर गाडीचा तोल बिघडतो, घाटाच्या वळणावर उलटण्याचा धोका वाढतो. टायरचा व्यास १० टक्क्यांनी वाढवला तर काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी साधारण ६६ ने पळत असते. ब्रेक मात्र जुनेच.

सगळ्यात वाईट तो गार्ड. धडकेत गाडीचा पुढचा भाग चेपून धक्का शोषतो. गार्ड तोच धक्का थेट चेसिसला देतो, एअरबॅगची वेळही चुकू शकते. समोर पायी चालणारा असेल तर विचारूच नका. केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितलं होतं. तरी गार्ड दिसतातच.

मोटार वाहन कायद्यात अशा प्रत्येक बेकायदा बदलाला ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. दंड एकवेळ भरता येतो. पण बदल आरसीवर आणि विम्यात नोंदवलेला नसेल, तर अपघातानंतर विमा कंपनी दावा अडवू शकते. कर्जाचे हप्ते मात्र थांबत नाहीत.