नाव की प्रश्न?

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. विषय मात्र घरचा आहे.

निवडणुकीत आपल्याला विचारतात काय? तर एक नाव आणि एक चिन्ह. २०१४ ला आमच्या रायगड लोकसभेत राष्ट्रवादीचे सुनील तटकरे शिवसेनेच्या अनंत गीतेंकडून २,११० मतांनी हरले. आणि त्यांच्याच नावाच्या अपक्षाला पडली ९,८४९ मतं! रोह्याचा माझा रूममेट अजून हे सांगताना कपाळावर हात मारतो. पुढे २०२२ मध्ये शिवसेना फुटली, २०२३ मध्ये राष्ट्रवादी. चिन्ह कुणाचं, हे निवडणूक आयोगाने ठरवलं. ज्यांनी त्या चिन्हावर शिक्का मारला होता त्यांना कुणी विचारलं? (हो, हो, शिक्का नाही, बटण!)

आता दुसरी गोष्ट. २१ सप्टेंबर २००८. महामुंबई सेझला जमीन द्यायची की नाही, यावर पेण तालुक्यातल्या २२ गावांतल्या शेतकऱ्यांचा कौल सरकारने घेतला. नाव नाही, चिन्ह नाही, सरळ प्रश्न. मी तेव्हा जेमतेम तीन वर्षांचा. आजोबा धुतलेला सदरा घालून गेले होते, असं आजी सांगते. लोकांचं मत काय होतं ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं, पण सरकारने त्यावेळी निकालच जाहीर केला नाही. प्रकल्प पुढे बारगळला, जमीन वाचली. तरी आजोबा जाईपर्यंत मधूनच विचारायचे, "आमचा निकाल लागला का रे?" आपला सेमिस्टरचा निकाल पंधरा दिवस लांबला तर आपण ऑफिससमोर ठिय्या देतो!

रूममेटचं म्हणणं, "अरे, पण तो प्रश्न विचारायला भाग कुणी पाडलं? पक्षानेच ना?" हे खरं आहे. शेकाप आणि एन. डी. पाटील सर रस्त्यावर उतरले नसते, तर एकट्यादुकट्या शेतकऱ्याला कलेक्टर ऑफिसात कोण उभं करणार होतं? म्हणून पक्ष नकोत असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं एवढंच, की माणूस निवडून दिला म्हणजे पुढची पाच वर्षं आमची सगळी उत्तरं त्याच्या खिशात गेली असं नाही. जमिनीसारखा प्रश्न आला की पुन्हा आम्हाला विचारा, आणि जे उत्तर येईल ते चारचौघांत वाचून दाखवा.

यावर तो काहीतरी बोलणार असतो. पण सुट्टीत आम्ही एकाच गाडीने घरी जातो, मी पेणला उतरतो, तो पुढे रोह्याला. वाद दर वेळी अर्धाच राहतो.