ठळक अक्षरं कुठे गेली, बॉस?

हल्ली ऑफिसच्या मेल्समध्ये चांदण्यांचा पाऊस पडतोय. मीटिंग सोमवारी ११ वाजता. ### पुढची कामं. शब्दाच्या अलीकडे दोन चांदण्या, पलीकडे दोन चांदण्या, मध्येच हॅशची माळ. मजकूर कुठून उचललाय हे सांगायला ज्योतिषी नको. एआय चॅटबॉटनं लिहून दिलेलं जसंच्या तसं कॉपी केलं की या चांदण्या सोबत येतात, भाजीवर फुकट मिळणाऱ्या कोथिंबिरीसारख्या.

या चांदण्यांचं एक बारसं झालेलं आहे. मार्कडाउन. २००४ मध्ये जॉन ग्रुबर नावाच्या अमेरिकन लेखकानं ही पद्धत काढली, ॲरन स्वार्ट्झनं त्याला मदत केली. कल्पना एकदम साधी. टाइप करताना माउसला हात लावायचा नाही. शब्द ठळक हवा? दोन्ही बाजूंना दोन-दोन चांदण्या. तिरका हवा? एक-एक. मथळा हवा? आधी हॅश. नुसतं वाचलं तरी अर्थ लागतो आणि नंतर कन्व्हर्टरमधून काढलं की त्या खुणांचं वर्ड डॉक्युमेंट, वेबपान किंवा पीडीएफ होतं. उलटाही प्रवास होतो, म्हणजे वर्डमधून मार्कडाउन. गूगल डॉक्सनं तर २०२४ मध्ये मार्कडाउन आत घेण्याची आणि बाहेर काढण्याची सोय थेट मेनूतच दिली.

आता तुम्ही म्हणाल, एखादं अक्षर ठळकचं साधं झालं तर असं काय आभाळ कोसळणार आहे? तेच तपासायचं मी ठरवलं.

छळपत्रिका

कन्व्हर्टर तपासायचा तर त्याला सोपा पेपर देऊन काय उपयोग? तीन ओळी, एक मथळा, एक ठळक शब्द यात कुणीही फर्स्ट क्लास मिळवेल. म्हणून मी वर्डमध्ये एक पान बनवलं. भाडेकराराचा खोटा मसुदा, अर्धा इंग्रजी, अर्धा मराठी. त्यात आपण ऑफिसात करतो ते सगळे उद्योग केले. एक कलम काट मारून रद्द केलं. एका रकमेच्या डोक्यावर तळटीपेचा छोटा आकडा लावला. एक ओळ लाल केली. टेबलातल्या दोन चौकटी जोडल्या. ट्रॅक चेंजेस चालू ठेवून एक रक्कम बदलली, बाजूला दोन कॉमेंट्स लिहिल्या. या पानाचं नाव ठेवलं छळपत्रिका.

परीक्षेला बसवलं पॅनडॉकला. कारण या धंद्यातला तो दादा माणूस आहे. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या जॉन मॅकफार्लेन या प्राध्यापकानं २००६ मध्ये तो पहिल्यांदा बाहेर आणला. फुकट आहे, डझनावारी फॉरमॅट्स ओळखतो. दिसायला मात्र गरीब. काळ्या खिडकीत कमांड टाइप करायची, बटणं-बिटणं काही नाहीत. जोडीला आपला रोजचा ‘कन्व्हर्टर’ही घेतला, म्हणजे कॉपी मारून साधा मजकूर म्हणून पेस्ट करणं. आपल्यापैकी बहुतेक जण हाच वापरतात, फक्त त्याला कन्व्हर्टर म्हणत नाहीत.

पेपर पहिला : खरा मथळा, खोटा मथळा

एक मथळा मी वर्डच्या स्टाइल्समधून ‘हेडिंग १’ निवडून दिला. दुसरा आपल्या देशी पद्धतीनं: अक्षर मोठं केलं, ठळक केलं, झालं. कागदावर दोघं जुळे भाऊ. पॅनडॉकनं मात्र पहिल्याला हॅश लावून मथळा केलं आणि दुसऱ्याला नुसता ठळक परिच्छेद.

यात कन्व्हर्टरची चूक नाही. तो डोळ्यांनी बघत नाही, फाइलच्या पोटात काय लिहिलंय ते वाचतो. पोट म्हणजे अक्षरशः पोट. आपली नेहमीची वर्ड फाइल ही खरं तर एक झिप असते. फाइलची एक कॉपी करा, नावापुढचं ‘डॉक्स’ काढून ‘झिप’ लिहा आणि उघडा. आत खुणांनी भरलेल्या फायली दिसतील. तिथे ‘हा मथळा आहे’ असं लिहिलेलं असेल तरच तो मथळा. दृष्टिहीन सहकारी वापरतात तो स्क्रीन रीडरही याच खुणांवरून एका मथळ्यावरून दुसऱ्यावर उडी मारतो. म्हणजे खोटा मथळा त्यांच्यासाठी आधीपासूनच गायब असतो.

पेपर दुसरा : मेलेलं कलम उठलं

इथे माझी झोप उडाली. ‘घर सोडताना रंगकामापोटी दोन महिन्यांचं भाडं कापून घेतलं जाईल’ हे कलम मी आडवी काट मारून रद्द केलं होतं. पॅनडॉकनं काट सांभाळली, शब्दांच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन नागमोडी रेघा लावल्या. पण साधा मजकूर म्हणून पेस्ट केलं तेव्हा काट गळून पडली आणि शब्द तसेच राहिले. रद्द केलेलं कलम टुणकन उठून बसलं! वाक्य व्याकरणशुद्ध, शंका घ्यायला जागाच नाही. दोन महिन्यांचं भाडं, बॉस.

आणि मार्कडाउन म्हटलं म्हणजे सगळीकडे काट मारता येते असंही नाही. ग्रुबरच्या मूळ मार्कडाउनमध्ये काट मारण्याची खूणच नव्हती. ती पुढे इतरांनी आपापल्या अवतारात घातली. व्हॉट्सॲपमध्ये एकच नागमोडी रेघ काट मारते. पॅनडॉकमध्ये तीच एकटी रेघ अक्षर खाली बसवते, पाण्याच्या रासायनिक सूत्रातल्या छोट्या २ सारखं. एक चांदणी व्हॉट्सॲपवर ठळक करते, मार्कडाउनमध्ये तिरकं. खूण तीच, गाव बदललं की अर्थ बदलला.

पेपर तिसरा : डोक्यावरचा आकडा खाली

डिपॉझिट ५०,००० रुपये. त्या शेवटच्या शून्याच्या डोक्यावर तळटीपेचा छोटासा ३, मी हातानं वर चढवलेला. पॅनडॉकनं त्याला टोपीसारख्या खुणांमध्ये नीट जपलं. साध्या पेस्टनं त्याला खाली उतरवलं. वाचा आता: ५०,०००३. स्वल्पविरामाची जागा चुकलीय म्हणून निदान शंका तरी येईल. पण ५००० वर ३ असता तर ५०००३ झाला असता, आणि हा आकडा दिसायला अगदी सज्जन आहे. इंजिनिअर मित्रमैत्रिणींनो, तुमच्या दहाच्या सहाव्या घाताचं याच रस्त्यानं एकशे सहा होतं.

पेपर चौथा : लाल ओळ आणि जोडलेली चौकट

‘ही अट अजून मान्य झालेली नाही’ असं सुचवण्यासाठी मी एक ओळ लाल केली होती. शब्दांत काहीच लिहिलं नव्हतं, सगळी भिस्त रंगावर. मार्कडाउनला रंगच कळत नाही, त्यामुळे ओळ इतर ओळींसारखीच निमूट रांगेत उभी राहिली. टेबलाचंही तेच. उभ्या रेघा मारून केलेल्या मार्कडाउनच्या टेबलात चौकटी जोडायची सोयच नसते. ‘एप्रिल ते जून’ अशी जोडलेली चौकट असेल तर तो मजकूर नेमका कोणत्या महिन्याचा, हे नंतर तुम्हीच ओळखायचं. पॅनडॉकच्या माहितीपत्रकातही स्पष्ट सांगितलंय, की मजकुराची रचना जपायचा प्रयत्न होईल, समास वगैरे सजावटीची हमी नाही. तो प्रामाणिक आहे. रंगाला आपण सजावट समजत नाही, तिथेच घोळ होतो.

पेपर पाचवा : कॉमेंट्स गुल

ट्रॅक चेंजेसमध्ये मी भाडं २२,००० चं २४,००० केलं होतं आणि बाजूला कॉमेंट लिहिली होती: ‘घरमालकाला विचारा’. पॅनडॉकला काहीच सूचना दिली नाही तर तो सगळे बदल मान्य झाले असं धरतो आणि कॉमेंट्स सोडून देतो. म्हणजे २४,००० पक्के आणि प्रश्न गायब! सगळं दाखव असं सांगणारा पर्याय त्याच्याकडे आहे, पण तो आपण मागावा लागतो. उलट बाजूही ध्यानात ठेवा. वर्डमध्ये बदल स्वीकारले नाहीत तर खोडलेला जुना आकडा फाइलच्या पोटात तसाच असतो. क्लायंटला कोटेशन पाठवण्याआधी हे वाक्य दोनदा वाचा.

पेपर सहावा : मराठीचा खास छळ

आता आपला होम ग्राउंड. इंग्रजीत शब्द सुटे सुटे असतात. आपल्याकडे प्रत्यय शब्दाला चिकटतो, अगदी अवतरणचिन्हाच्या पलीकडूनही. ‘डिपॉझिट’वर, ‘भाडेकरारा’त. मार्कडाउनचे वेगवेगळे अवतार एका नियमात बसावेत म्हणून २०१४ मध्ये कॉमनमार्क नावाचं प्रमाण आलं. त्याचा मसुदा लिहिण्यातही मॅकफार्लेन पुढे होता. त्यात सहाशेहून जास्त उदाहरणं दिली आहेत आणि प्रत्येक उदाहरण म्हणजे कन्व्हर्टरसाठी एक परीक्षाच.

त्यातला एक नियम असा: शेवटच्या चांदण्यांच्या आधी विरामचिन्ह असेल आणि लगेच पुढे अक्षर असेल, तर त्या चांदण्या शेवटच्या धरायच्या नाहीत. इंग्रजीत असं क्वचितच होतं. मराठीत? अवतरणासकट शब्द ठळक केला आणि पुढे ‘वर’ चिकटवला की चांदण्या जशाच्या तशा पानावर उरतात. चिनी आणि जपानी लिहिणारेही याच नियमानं वैतागलेत. उपाय सोपा आहे, चांदण्या अवतरणाच्या आत घ्या. खालच्या रेघेनं शब्द तिरका केला आणि पुढे प्रत्यय लावला तरी तेच होतं. शब्दाच्या मधली खालची रेघ हा नियम मोजतच नाही. तिथे एक चांदणी वापरा.

यादीची गंमत वेगळी. मार्कडाउनला यादीचे आकडे इंग्रजीच लागतात. आपले १, २, ३ त्याला आकडे वाटतच नाहीत. मग कराराची तीन कलमं एकमेकांना चिकटून एकाच परिच्छेदात धावत सुटतात.

वर्डकडे परत येताना अजून एक खाच आहे. वर्डच्या फाइलमध्ये इंग्रजीच्या ठळकपणाची खूण वेगळी आणि देवनागरीसारख्या लिप्यांची वेगळी. कन्व्हर्टरनं पहिलीच लिहिली तर एकाच वाक्यातलं इंग्रजी ठळक होतं आणि मराठी हडकुळं राहतं.

सगळ्यात मोठा धक्का मात्र जुन्या फाइलींचा. कृतिदेवसारख्या युनिकोडपूर्व धाटणीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या मजकुरात मराठी असतं कुठे? फाइलमध्ये असतात इंग्रजी अक्षरांचे कोड, मराठी असतं ते फक्त फॉन्टच्या चित्रांत. म्हणजे तिथे अख्खी भाषाच फॉरमॅटिंग आहे. मार्कडाउन करताना फॉन्ट गळतो आणि हातात उरतो कचरा. अशा फायलींना आधी युनिकोडमध्ये आणणारा वेगळा कन्व्हर्टर लागतो. जुन्या सोसायट्यांची इतिवृत्तं, आजोबांनी टाइप करून घेतलेली कागदपत्रं घरात असतील तर हे काम फॉन्ट हाताशी आहे तोवर करून टाका.

निकाल

पॅनडॉक पास, तेही चांगल्या मार्कांनी. साधी पेस्ट नापास. पण खरा निकाल आपल्या लिहिण्याच्या सवयीचा लागला. अर्थ आपण शब्दांत सांगायचा सोडून रंगावर, काटेवर, जाडीवर टांगून ठेवतो, आणि फाइल एका घरातून दुसऱ्या घरात गेली की टांगलेलं सगळं आधी पडतं.

म्हणून चार गोष्टी करा. मथळे स्टाइल्समधूनच द्या. रद्द कलमाला नुसती काट नको, पुढे ‘रद्द’ असा शब्द लिहा. लाल ओळीपुढे ‘अमान्य’ किंवा ‘चर्चा बाकी’ लिहा. आणि कुठलाही कन्व्हर्टर कामाला लावण्याआधी तुमच्या ऑफिसातलं सगळ्यात गिचमिड पान त्याला द्या. आलेला निकाल मूळ पानाशेजारी ठेवून फक्त तीन गोष्टी ताडून बघा: आकडे, काटा, कॉमेंट्स. दहा मिनिटांचं काम आहे. सही ठोकण्याआधी ती दहा मिनिटं काढाच. दोन महिन्यांच्या भाड्यात गोव्याची झकास ट्रिप होते.